रांजण कोणी भरले?

शांतवन नानांवर काहीतरी लिहा, असं माझ्या बायकोने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमची मुलगी शाळेत होती. आता त्या मुलीची मुलगी कॉलेजात जाते. मधल्या काळात मी आमच्या मंडळीच्या मासिकात नाताळापासून मूळव्याधीपर्यंत सगळ्या विषयांवर लिहिलं. नानांवर एक ओळ लिहिली नाही. कोणी विचारलं तर वेळ मिळत नाही म्हणायचो. खरं कारण वेगळं होतं. नानांची गोष्ट सांगायची तर त्यात माझीही सांगावी लागते, आणि माझा तो भाग लोकांनी वाचावा असं मला वाटत नव्हतं. आता शहात्तर पूर्ण झाली. टाळण्यासाठी फार वर्षं उरलेली नाहीत, म्हणून बसलो आहे.

नानांना कोणताही चमत्कार सांगितला की ते पूर्ण ऐकून घेत. मध्ये बोलत नसत. सांगणाऱ्याचं संपलं की उजव्या हाताचं एक बोट वर करीत, शाळेतल्या मुलासारखं, आणि विचारत, “मंग दुसरा दिन काय?”

मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे मनातलं बोलायचं झालं की अहिराणीत शिरत. एरवी त्यांची भाषा दवाखान्यातली. जळगावात एका डॉक्टरांकडे ते तीस-पस्तीस वर्षं कंपाउंडर होते. पिंप्राळ्यात आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून राहत. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर. रस्त्यात कोणी हात मिळवला की नाना तो हात सोडत नसत. घड्याळाकडे बघत नाडी मोजून घेत आणि मगच “बोला” म्हणत. ज्यांना घाई असे ते त्यांना लांबूनच नमस्कार करीत.

मंडळी म्हणजे आमचं ख्रिस्ती लोकांचं देऊळ आणि देवळात येणारी माणसं, दोन्ही. दर रविवारी नाना तिसऱ्या बाकावर उजव्या टोकाला बसत. पाळकसाहेब नवे होते तेव्हाची गोष्ट. त्यांनी लाजाराचा उपदेश फार रंगवून सांगितला. चार दिवसांचा मेलेला माणूस, कबरीच्या तोंडावरची धोंड, प्रभूची हाक, आणि तो प्रेतवस्त्रांसकट बाहेर आला. तिसऱ्या बाकावरून बोट वर.

“बोला, नाना.”

“लाजार उठला. माझा वाद नाही. मंग दुसरा दिन काय? चार दिवस घरात रडारड, चूल बंद. दुसऱ्या दिवशी त्याला भूक लागली असेल की नाही? पेज कोणी केली?”

पाळकसाहेब गोंधळले. “नाना, शास्त्रात ते दिलेलं नाही.”

“नाही ना?” नाना समाधानाने खाली बसले. “तेवढं आपल्यासाठी ठेवलंय.”

हसू दाबणाऱ्यांची त्या दिवशी फार पंचाईत झाली.

आमच्यात साक्ष देण्याची पद्धत आहे. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. एकदा मंडळीतल्या, वरणगावला राहणाऱ्या एका भावांनी साक्ष दिली, की येताना वाटेत स्कूटरचं पेट्रोल संपलं, आजूबाजूला पंप नाही, तेव्हा त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि स्कूटर पेट्रोलशिवाय भुसावळपर्यंत आली. बोट वर.

“मंग दुसरा दिन काय? पेट्रोल भरलं, की परत प्रार्थना?”

“भरलं,” भाऊ म्हणाले.

“बरं केलं. आणि तो रिझर्व्हचा खटका बघून घ्या. आपोआप फिरत असेल तर बायकापोरांना बसवू नका.”

ते भाऊ नानांशी सहा महिने बोलले नाहीत. सातव्या महिन्यात त्यांच्या आईच्या पायाला जखम झाली. नाना पंधरा दिवस दवाखाना सुटल्यावर वरणगावला जाऊन पट्टी बदलून येत होते. त्याची साक्ष कोणी दिली नाही. पट्टी बदलण्यात सांगण्यासारखं काय असतं?

नानांचा खरा जीव होता संडेस्कूलच्या वर्गात. स्वतःचं मूलबाळ नव्हतं. बायको लग्नानंतर सातव्या वर्षी गेली होती. रविवारी सकाळी पंचवीस-तीस मुलं देवळामागच्या खोलीत त्यांची वाट बघत बसायची, आणि नाना शनिवारपासूनच त्या तयारीत असायचे. त्यांचा शिकवण्याचा प्रकार मात्र वेगळा. काना गावच्या लग्नाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. लग्नात द्राक्षारस संपला, प्रभूने सहा रांजण पाण्याने भरायला सांगितले आणि त्या पाण्याचा द्राक्षारस झाला. सगळे शिक्षक द्राक्षारसाशी पोचतात. नाना रांजणांशीच थांबले.

“सहा रांजण. एकात आपले पाच-सहा हंडे. भरले कोणी?”

“चाकरांनी,” मुलं म्हणाली.

“चाकरांची नावं काय?”

मुलांनी पुस्तकं चाळली. नावं नव्हती.

“विहीर किती लांब होती?”

तेही नव्हतं. मग नानांनी कुठून तरी एक रांजण आणला होता तो आवाराच्या एका टोकाला ठेवला, दुसऱ्या टोकाला नळ होता, आणि सगळ्या वर्गाला बादल्या दिल्या. एप्रिल महिना, जळगावचं ऊन, आणि तीन दिवसांनी आलेलं पाणी. मुलांना स्वर्ग मिळाला. उपासना सुरू झाली तेव्हा पंचवीस मुलं नखशिखांत भिजून ओळीने आत आली. पुढच्या बाकावर रूबेन आबांचा नातू बसला, त्याच्याखाली पाण्याचं तळं झालं आणि त्यात तो झोपी गेला.

रूबेन आबा आमच्या पंच कमिटीचे अध्यक्ष. माणूस सज्जन, पण देवळातल्या कामात मस्करी त्यांना खपत नसे. त्या दिवशी घरी जेवताना नातवाने त्यांना सांगितलं, “आबा, पाण्याचा द्राक्षारस करणं सोपं आहे. पाणी भरणं फार अवघड आहे.” आबांनी ताट बाजूला सारलं.

या वादाचं पुढे काय झालं ते सांगतो, पण त्याआधी, काही वर्षं मागे जाऊन, तापाचं सांगायला हवं.

माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सुशीला, माझी बायको, पहिल्या बाळंतपणाला धुळ्याला माहेरी गेली होती. मी पाटबंधारे खात्यात कारकून, खोलीत एकटा. अशात मला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, झाला. नानांच्याच डॉक्टरांनी दर सहा तासांनी घ्यायच्या कॅप्सूल लिहून दिल्या आणि “कोणी बघायला आहे का?” विचारलं. मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, “आहे.”

एकोणीस दिवस नाना माझ्याजवळ होते. सकाळी दवाखान्यात जाण्याआधी, दुपारी सायकल दामटत येऊन, आणि संध्याकाळपासून पुढे. कॅप्सूलची वेळ त्यांनी एकदाही चुकवली नाही. पाणी उकळून गार करायचे, मुगाचं कढण पाजायचे, कपाळावर घड्या ठेवायचे. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रेघा मारून त्यांनी तापाचा तक्ता केला होता आणि तो भिंतीवर लावला होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन ठिपके. हे सगळं सांगायला सोपं आहे. जे सांगायला सोपं नाही ते असं, की मला उठता येत नव्हतं. माझी चादर, माझे कपडे, माझं भांडं, सगळं नाना धूत होते. चाळीच्या सामाईक नळावर, बायका पाणी भरत असताना, लुंगी खोचून बसायचे आणि धुवायचे. एकदा मी तोंड भिंतीकडे केलं तर म्हणाले, “भिंतीला काय सांगतोस? मी काय परका शे?”

धुळ्याला सुशीलेला काही कळवायचं नाही, बाळंतीण काळजी करील, असं त्यांनीच ठरवलं आणि माझ्या नावाने पत्र टाकलं, “मी खुशाल आहे, ऑफिसात काम फार आहे.” नानांच्या आयुष्यातली एवढीच थाप मला माहीत आहे.

ताप उतरू लागला तेव्हा एका दुपारी ते मोसंबं सोलत बसले होते. मी विचारलं, “नाना, चमत्कारांवर तुमचा एवढा राग का?”

“राग कशाचा?” ते म्हणाले. “ही आजारी होती तेव्हा सगळी मंडळी येऊन प्रार्थना करून गेली. मीही केली. ती गेली. मातीला दोनशे माणूस होतं. चार जण मला बाजूला घेऊन म्हणाले, नाना, तुमचा विश्वास कमी पडला. बरं, पडला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. आमच्याकडे दोन हंडे ती भरायची, दोन मी. मी चारही हंडे भरले आणि मग आठवलं, आता एवढं पाणी लागत नाही. त्या दिवशी कोणी आलं नाही रे. चमत्काराच्या दिवशी गर्दी असते, मातीच्या दिवशीही असते. दुसऱ्या दिवशी माणूस एकटा असतो.” मग मोसंब्याची फोड माझ्या हातात ठेवून म्हणाले, “बी काढलंय. खा.”

सतराव्या दिवशी बाहेरगावचे एक प्रचारक जळगावात मेळाव्यासाठी आले होते, ते मला बघायला आले. दहा मिनिटं बसले. डोक्यावर हात ठेवून मनापासून प्रार्थना केली. भला माणूस होता, त्यांचा यात काही दोष नाही. भिंतीवरच्या तक्त्यात ताप तीन दिवसांपासून खाली येत होता. त्या संध्याकाळी तो पूर्ण उतरला.

पुढच्या आठवड्यात मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी मला साक्ष द्यायला उभं केलं. समोर मोठा मांडव भरलेला. पुढे बायका, बाजूला माझ्या ऑफिसातले दोघे. मी नानांचंच नाव घ्यायला उभा राहिलो होतो, हे मी देवासमोर सांगू शकतो. पण माइक तोंडाशी आला आणि एका माणसाने एकोणीस दिवस माझी घाण काढली, हे वाक्य मला उच्चारता आलं नाही. लाज वाटली. त्यापेक्षा दुसरं वाक्य सोपं होतं आणि तेच तोंडातून आलं. मी म्हणालो, “मी खोलीत एकटा होतो. बेशुद्ध होतो. कोणी नव्हतं. प्रभूच्या दासाने डोक्यावर हात ठेवला आणि ताप उतरला.”

मांडवात हालेलुया झाला. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. नाना तिथेच बसले होते. मी त्यांच्या बोटाची वाट बघत होतो. खरं सांगतो, ते वर यावं असंही वाटत होतं. पण बोट वर आलं नाही. हात मांडीवरच होते. मेळावा सुटल्यावर ते माझ्याजवळ आले, मनगट धरलं, घड्याळात बघितलं आणि म्हणाले, “उकाड्यात फार वेळ उभा राहिलास. चल, ताक पी.”

घरी आल्यावर मी भिंतीवरचा तापाचा तक्ता काढला आणि फाडून टाकला.

एकदा दिलेली साक्ष आपल्या हातात राहत नाही. मला भुसावळहून बोलावणं आलं, मग अमळनेरहून, मग धुळ्याहून. प्रत्येक गावी ताप थोडा वाढत गेला. एकशे तीनचा एकशे पाच झाला, मग एकशे सात. एकशे आठच्या पुढे थर्मामीटरला आकडे नसतात म्हणून मी तिथे थांबलो. आमचे डॉक्टर मधले दोन दिवस चोपड्याला मेव्हण्याच्या लग्नाला गेले होते. माझ्या साक्षीत ते “सोडून गेले” झाले. लोक मला चमत्कारवाले यशवंतभाऊ म्हणू लागले. आणि ज्या माणसाने स्कूटरच्या पेट्रोलची चौकशी केली, लाजाराच्या पेजेची केली, त्याने माझ्या साक्षीला एकदाही “मंग दुसरा दिन काय?” विचारलं नाही.

सुशीला बाळाला घेऊन परत आली तेव्हा नळावरच्या बायकांनी तिला सगळं सांगितलं. दर नाताळाला करंज्यांचा पहिला डबा नानांकडे जाऊ लागला. काही वर्षांनी एकदाच म्हणाली, “तुम्ही साक्ष देता तेव्हा नाना कुठे बघतात, कधी बघितलंत?”

मी बघितलं नव्हतं. मुद्दाम.

आता रूबेन आबांची सभा. भिजलेल्या मुलांच्या प्रकरणानंतर आठवड्याभरात त्यांनी पंच कमिटी बोलावली. विषय एकच, शांतवन साळवे यांच्याकडे संडेस्कूल ठेवावं की नाही. मी कमिटीचा सेक्रेटरी होतो, वही पुढे घेऊन बसलेलो.

“नाना,” आबा म्हणाले, “तुम्ही मुलांच्या मनातून चमत्कार काढून टाकताय.”

“नाही, आबा. चमत्कार झाले असतील. मी कोण नाही म्हणणारा? पण प्रभूने आपल्याला पाण्यावर चालायला सांगितलंय का? एकमेकांचे पाय धुवायला सांगितलंय. ते सोपं आहे आणि कोणी करत नाही. मी मुलांना सोपं तेवढं शिकवतो.”

“म्हणजे आज चमत्कार होत नाहीत?” आबांचा आवाज चढला. “हे यशवंतभाऊ बसलेत समोर. मरणाच्या दारातून आलेला माणूस! ना डॉक्टर, ना औषध, ना कोणी पाणी द्यायला. याहून मोठा पुरावा काय हवा? यशवंतभाऊ, तुम्हीच सांगा यांना.”

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नानांनी बघितलं नाही. त्यांनी खिशातला थर्मामीटर काढला होता आणि रुमालाने पुसत होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की पाणी द्यायला नाना होते. चार शब्द. त्यांचा वर्ग वाचला असता. माझी साक्ष गेली असती.

मी म्हणालो, “मुलांसमोर जरा जपून बोलावं, एवढंच माझं मत आहे.”

नानांकडून संडेस्कूल काढून घेण्याचा ठराव मीच लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं आहे.

नाना उठले. “बठ्ठं ठीक शे,” म्हणाले, म्हणजे सगळं ठीक आहे. दारात चपला घालताना मला विचारलं, “तुला अजून तिखट बाधतं का रे? मुदतीच्या तापानंतर आतडं वर्षानुवर्षं कच्चं राहतं. सांभाळ.”

त्यानंतर नाना देवळात येत राहिले, पण तिसऱ्या बाकावर नाही, शेवटच्या. बोटही वर होईनासं झालं. पाळकसाहेब उपदेशात चमत्काराशी आले की सवयीने थांबत, मागे बघत आणि मग पुढे जात. मुलांची रांग मागच्या खोलीकडे निघाली की नाना त्यांच्याकडे बघून हसायचे. मुलं आत गेली की बाहेर पायरीवर जाऊन बसायचे, खोलीतून आवाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर. सुशीलेने मला ते खिडकीतून दाखवलं. “आता तरी,” ती म्हणाली. मी म्हटलं, बघू.

बघता बघता नाना थकले आणि धुळ्याला त्यांच्या भाचीकडे, रजनीकडे, राहायला गेले. माफी मागायला मी जळगावहून एसटीने तीनदा धुळ्याला गेलो.

पहिल्या वेळी ते पिंप्राळ्यातल्या एकेकाची चौकशी करत बसले. कोणाची साखर, कोणाचा गुडघा. गाडीची वेळ झाली.

दुसऱ्या वेळी गेलो तर त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. रजनी म्हणाली, “काका, मोठ्याने बोला.” मी मोठ्याने बोललो. “अजून मोठ्याने,” ती म्हणाली. “नाना, तब्येत कशी आहे?” मी ओरडलो, तर समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. तब्येत ओरडून विचारता येते. माफी कशी ओरडून मागायची? मी हवामानाबद्दल ओरडलो आणि परत आलो.

तिसऱ्या वेळी मी सगळं कागदावर लिहून नेलं. त्यांच्या हातात कागद दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मोतीबिंदू पिकला होता. मग आनंदाने आत हाक मारली, “रजनी, ये गं, यशवंताने काय लिही आणलंय ते वाच. मोठ्याने वाच!”

रजनी पदराला हात पुसत आली आणि तिने हात पुढे केला.

मी कागद काढून घेतला. “काही नाही,” मी ओरडलो, “माझ्या औषधांची यादी आहे! तुम्हाला दाखवायला आणली होती!”

नाना खूप हसले. “म्हातारा झालास रे तू,” म्हणाले. “जेवना का?”

मी जेवलो नव्हतो. त्यांनी मला जेवायला बसवलं, समोर पाटावर बसून राहिले, आणि माझ्या पानात मिरची नको म्हणून रजनीला दोनदा सांगितलं.

पावसाळा संपता संपता ते गेले. मातीला मी होतो. दुसऱ्या दिवशीही तिथेच राहिलो, पण रजनीकडे माणसं होती, तिला माझी गरज नव्हती.

तो कागद माझ्याजवळ आहे. त्यावर एवढंच लिहिलं आहे:

“नाना, मी बेशुद्ध नव्हतो. तुम्ही माझं काय काय केलंत ते मला एकोणीसही दिवसांचं आठवतं. मी ते लोकांना सांगितलं नाही आणि तुमची मुलं तुमच्यापासून तोडली. मला माफ करा.”